शिवडीतल्या ६२९ सैनिकांना खडकीला का नेलं? युद्धात मेलेल्या प्रत्येकाचं नाव जपायला लावणाऱ्या फेबियन वेअर यांची गोष्ट

शिवडी, माहुल, ट्रॉम्बे म्हटलं की मुंबईकरांना आधी आठवतात ते फ्लेमिंगो. दरवर्षी या खाडीच्या चिखलात गुलाबी पक्षी उतरतात आणि सोशल मीडियावर फोटोंचा पाऊस पडतो. पण याच किनाऱ्यावर शिवडीत एक जुनी ख्रिश्चन दफनभूमी आहे आणि तिचं पहिल्या महायुद्धाशी नातं आहे.

त्या युद्धात मुंबई हे ब्रिटिश साम्राज्याचं मोठं लष्करी बंदर होतं. मेसोपोटेमियाला म्हणजे आजच्या इराकला आणि पूर्व आफ्रिकेला जाणारं सैन्य इथून जहाजात चढायचं. जखमी आणि आजारी सैनिक परत इथंच उतरायचे. त्यातले काही मुंबईतच गेले आणि शिवडीत पुरले गेले.

पुढं काय झालं? युद्ध संपलं, इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला. आणि जून १९६२ मध्ये शिवडीतून ६२९ सैनिकांचे अवशेष काढून पुण्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत नेले गेले. तिथं त्यांचं पुन्हा दफन झालं आणि प्रत्येकाचं नाव स्मारकावर आलं.

मरून चाळीसहून जास्त वर्षं झालेल्या, ज्यांचे नातेवाईक हजारो मैल लांब आहेत अशा माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण एक नियम होता. युद्धात मेलेल्या माणसाच्या कबरीची कायम निगा राखायची. जिथं ती राखता येणार नाही, तिथून त्याला हलवायचं. पण त्याचं नाव हरवू द्यायचं नाही.

हा नियम ज्यांनी जगाला लावला त्यांचं नाव सर फेबियन वेअर. आणि हाच नियम आपल्या मराठी सैनिकांच्या वाट्याला मात्र पुरता आला नाही.

मास्तर, साहेब, संपादक

फेबियन वेअर यांचा जन्म १७ जून १८६९ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टनचा. घरचं वातावरण कडक धार्मिक. प्लिमथ ब्रेदरन नावाच्या पंथाचं हे कुटुंब. लंडन आणि पॅरिसच्या विद्यापीठांत शिकून ते शाळेत मास्तर झाले. पॅरिसच्या शिक्षणामुळं त्यांचं फ्रेंच उत्तम होतं. ही भाषा पुढं फार कामाला येणार होती.

१९०१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथं बोअर युद्ध चालू होतं आणि लॉर्ड मिलनर हे ब्रिटिशांचे तिथले सर्वेसर्वा होते. मिलनर यांनी हाताशी हुशार तरुणांची फळी जमवली होती, त्यात वेअर सामील झाले. काही वर्षांतच ते ट्रान्सव्हालचे शिक्षण संचालक झाले.

वेअर पक्के साम्राज्यवादी होते. ब्रिटिश साम्राज्यातले सगळे देश एका कुटुंबासारखे एकत्र राहावेत, असं त्यांना मनापासून वाटायचं. पुढं त्यांनी जे चांगलं काम केलं ते याच विचारातून केलं, आणि त्या कामात जी खोट राहिली तीही याच विचाराच्या मर्यादेतून आली.

१९०५ मध्ये ते लंडनला परतले आणि मॉर्निंग पोस्ट या मोठ्या दैनिकाचे संपादक झाले. तिथं एक गमतीशीर पण महागडं प्रकरण घडलं. देशाच्या सैन्याला एक हवाई जहाज भेट द्यायचं म्हणून पेपरनं वाचकांकडून वर्गणी गोळा केली. फ्रान्समधून जहाज मागवलं. ऑक्टोबर १९१० मध्ये ते खाडी ओलांडून इंग्लंडला पोचलंही. पण आत ठेवायला गेले तर हँगरची उंची कमी पडली आणि फुग्याचं कापड टराटरा फाटलं. दुरुस्तीनंतर पुढच्या वर्षी ते कोसळलं. १९११ मध्येच वेअर यांची संपादकाची खुर्ची गेली.

नंतर ते रिओ टिंटो या खाण कंपनीचे सल्लागार झाले. वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं. इथंच गोष्ट संपली असती, तर आज त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं.

रेड क्रॉसच्या गाड्या आणि पेन्सिलीनं लिहिलेली नावं

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. ४५ वर्षांचे वेअर सैन्यात भरती व्हायला गेले. वय जास्त म्हणून त्यांना परत पाठवलं. मग मिलनर यांच्या ओळखीनं त्यांना ब्रिटिश रेड क्रॉसच्या एका फिरत्या पथकाचं प्रमुखपद मिळालं. सप्टेंबरमध्ये ते फ्रान्सला पोचले.

पथकाचं काम साधं होतं. मोटारी घेऊन फिरायचं, जखमी आणि बेपत्ता सैनिक शोधायचे, त्यांना दवाखान्यात पोचवायचं.

हे करताना वेअर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रस्त्याकडेला, शेतात, चर्चच्या आवारात जागोजागी सैनिकांच्या कबरी होत्या. साथीदारांनी घाईघाईत लाकडी क्रूस रोवून त्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं असायचं. दोन पावसांत ते पुसलं जाणार हे उघड होतं. आणि कुठल्या कबरीत कोण आहे, याची कुठंही एकत्र नोंद नव्हती.

ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या बेथून गावच्या दफनभूमीत हीच परिस्थिती दिसली. कबरींवर खुणा होत्या, पण रजिस्टर नव्हतं. उद्या तोफेचा गोळा पडून क्रूस उडाला, तर तो माणूस कायमचा निनावी होणार. तेव्हापासून वेअर यांच्या पथकानं कबरींची नोंद करायला सुरुवात केली. नाव, पलटण, तारीख, जागा. पेन्सिलीच्या अक्षरांच्या जागी धातूच्या पट्टीवर ठसा मारून नाव लावलं जाऊ लागलं.

आज हे किरकोळ वाटतं. पण त्याआधीच्या युद्धांत साध्या शिपायाची कबर हा विषयच नसायचा. मोठ्या अधिकाऱ्याचं स्मारक व्हायचं, सेनापतीचा पुतळा उभा राहायचा. शिपाई मात्र सगळे मिळून एका खड्ड्यात जायचे.

सैन्याच्या वरिष्ठांनाही लवकरच या कामाचं मोल कळलं. घरून पत्रं येत होती. आमचा मुलगा कुठं पुरलाय एवढं तरी सांगा, असं आईबाप विचारत होते. उत्तर फक्त वेअर यांच्या वह्यांत होतं. १९१५ च्या सुरुवातीला त्यांच्या पथकाला लष्करी मान्यता मिळाली आणि वेअर मेजर झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे ३१,००० कबरींची नोंद झाली होती. कुटुंबांना कबरीचा फोटो आणि तिथं कसं पोचायचं याची माहितीही पाठवली जायची.

त्याच काळात वेअर यांचं फ्रेंच उपयोगी पडलं. परक्या देशाच्या सैनिकांच्या कबरी कायम राहायच्या तर जमीन हवी, आणि ती देणार फ्रेंच सरकार. वाटाघाटी झाल्या आणि २९ डिसेंबर १९१५ ला फ्रान्सनं कायदाच केला. मित्रदेशांच्या सैनिकांच्या कबरींसाठी जमीन फ्रान्स स्वखर्चानं देईल आणि ती कायमची राहील.

देह घरी न्यायचा नाही

यानंतरचा निर्णय सगळ्यात कठीण होता.

श्रीमंत घराण्यांनी आपापल्या मुलांचे देह इंग्लंडला न्यायला सुरुवात केली होती. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन फ्रान्समध्ये मारला गेला. वरपर्यंत वजन वापरून त्याचा देह उकरून घरी नेण्यात आला.

वेअर यांना हे पटलं नाही. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याचा मुलगा घरी, आणि गिरणी कामगाराचा मुलगा परक्या मातीत? एकाच खंदकात, एकाच दिवशी मेलेल्या दोघांत असा भेद कसा करायचा? सैन्यानं देह उकरून नेण्यावर बंदी घातली आणि युद्ध संपल्यावरही वेअर यांनी ती उठू दिली नाही. जो जिथं पडला, तिथं किंवा त्याच्या जवळच तो राहील. अधिकारी आणि शिपाई शेजारीशेजारी.

हजारो आयांना हा निर्णय क्रूर वाटला. आपल्या मुलाच्या देहावर आपला हक्क नाही, सरकारचा आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा राग खोटा नव्हता. मुलाच्या कबरीवर फूल ठेवायला परदेशी जाण्याइतके पैसे बहुतेकांकडं नव्हते.

सगळ्यांना एकच दगड

२१ मे १९१७ ला राजाच्या सनदेनं इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. मराठीत सांगायचं तर साम्राज्य युद्धकबर आयोग. इंग्लंडचे युवराज अध्यक्ष आणि वेअर उपाध्यक्ष. नावाला उपाध्यक्ष असले तरी गाडा हाकणारे तेच. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर भारतही या आयोगाचा सुरुवातीपासूनचा सदस्य आहे. खर्चाचा वाटा ज्याचे जितके सैनिक त्या प्रमाणात.

वेअर यांनी कामाला माणसं निवडली तीही अशी की त्यातली निम्मी आपल्या ओळखीची निघतील. वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स आणि हर्बर्ट बेकर, म्हणजे नवी दिल्ली उभारणारी जोडी. त्यांच्या जोडीला रेजिनाल्ड ब्लोमफिल्ड. मजकूर ठरवायला लेखक रुडयार्ड किपलिंग, ज्यांचा जन्म मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला होता. किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. त्याची कबर त्यांना हयातीत कधीच सापडली नाही. नाव न सापडलेल्या सैनिकांच्या दगडावर काय कोरायचं, हे अशा बापानं ठरवलं.

१९१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी नियम लिहून काढले. ते थोडक्यात असे:

- प्रत्येक मृताचं नाव कोरलं जाईल, कबरीवर नाहीतर स्मारकावर.
- दगड कायम टिकणारा असेल.
- सगळे दगड एकाच मापाचे असतील.
- हुद्दा, जात, वंश, धर्म यावरून भेद होणार नाही.

दगडाचं माप ठरलं सुमारे ८१ सेंटीमीटर उंच आणि ३८ सेंटीमीटर रुंद. वर पलटणीचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख आणि धर्माची खूण. खाली कुटुंबाला हवा तो मजकूर, पण ६६ अक्षरांच्या आत. जनरल असो वा स्वयंपाकी, दगड तोच.

दगडाचा आकार क्रूसासारखा का नाही? कारण मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू सगळे होते. साधी उभी शिळा कुठल्याही धर्माला चालते. ज्याला क्रूस हवा त्याच्या शिळेवर तो कोरला जाईल.

आयांची सही, संसदेत वाद

लोक खवळले. दगड कुठला हेही आम्ही ठरवायचं नाही का, असा सवाल उठला. १९१९ मध्ये लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी ८,००० हून जास्त सह्यांचा अर्ज युवराजांकडं दिला. मागणी एवढीच की कबरीवर क्रूस उभारू द्या. त्यांचे स्वतःचे तीन मुलगे युद्धात गेले होते.

४ मे १९२० ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये यावर जोरदार चर्चा झाली. एका बाजूला कुटुंबाचा हक्क, दुसऱ्या बाजूला सगळ्यांना समान वागणूक. सूट दिली तर श्रीमंतांच्या कबरींवर संगमरवरी मंदिरं उभी राहतील आणि शेजारी गरिबाचा लाकडी क्रूस कुजत पडेल, हा मुद्दा शेवटी भारी पडला. मतदान न होताच विरोध मागे घेतला गेला. वेअर जिंकले होते.

बांधणं एकदा, सांभाळणं रोज

आता खरं काम सुरू झालं. साम्राज्याचे सुमारे ११ लाख मृत, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांची कबरच माहीत नाही. १९२० मध्ये फ्रान्समध्ये तीन नमुना दफनभूमी बांधून पाहिल्या. त्यातली फॉर्सव्हिल गावची सगळ्यात पसंत पडली. मग तोच आराखडा सगळीकडं गेला. १९२३ मध्ये इंग्लंडहून फ्रान्सला आठवड्याला ४,००० दगड जात होते.

ज्यांची कबर नाही त्यांची नावं मोठ्या स्मारकांवर कोरली गेली. बेल्जियममधलं मेनिन गेट १९२७ चं. फ्रान्समधलं थिएपव्हाल १९३२ चं, त्यावर ७२,००० हून जास्त नावं. भारतीयांसाठी फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथं बेकर यांनी बांधलेलं स्मारक ऑक्टोबर १९२७ मध्ये उघडलं. त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. आपलं इंडिया गेटही याच आयोगाच्या कामाचा भाग. रचना ल्युटेन्स यांची, उद्घाटन १९३१ चं, आणि त्यावरची नावं तेरा हजारांच्या वर.

पण वेअर यांना पहिल्यापासून कळलं होतं की बांधकाम हा या कामाचा सोपा भाग आहे. दगडावर शेवाळ धरतं. पावसात चिखल उडतो. झाडाची मुळं कबर उचकटतात. अक्षरं झिजतात. म्हणून १९१६ मध्येच त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानातले तज्ज्ञ बोलावले. पुढं बागकामातल्या नामवंत गर्ट्रूड जीकिल यांचाही सल्ला घेतला.

दगडांच्या पायथ्याशी फुलझाडांची पट्टी असते ती नुसती शोभेची नाही. बुटकी झाडं लावली की पावसाचं पाणी आपटून माती अक्षरांवर उडत नाही. नाव वाचता येतं. दगड झिजला की तो बदलायचा. खर्चासाठी सदस्य देशांनी कायमची तरतूद करायची. माळी हे या संस्थेचं सैन्य झालं. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा त्यातले अनेक माळी तिथंच अडकले आणि कैदेत गेले.

मराठ्यांच्या वाट्याला आकडा

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वेअर देवमाणूस वाटतील. पण आता बसऱ्याला जायला हवं.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर लढल्या त्या मेसोपोटेमियात. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूट या गावात तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार आणि आजार सोसून शेवटी शरणागती पत्करावी लागली. कैदेत नेताना वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो भारतीय मेले. त्यात कोकणातले होते, साताऱ्याचे होते, पुण्याचे होते.

या आघाडीवर मेलेल्या पण कबर नसलेल्यांसाठी आयोगानं बसऱ्यात स्मारक बांधलं. मार्च १९२९ मध्ये ते उघडलं. स्मारक ४०,००० हून जास्त जणांचं. ब्रिटिश अधिकारी आणि शिपाई यांची नावं त्यावर कोरली. भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. पण भारतीय शिपायांची? त्यांच्या पलटणीचं नाव आणि खाली आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई. असे आकड्यात गेलेले भारतीय तीस हजारांहून जास्त आहेत. त्यांची नावं कागदावरच्या याद्यांत राहिली, दगडावर आली नाहीत.

प्रत्येकाचं नाव कोरायचं, वंशावरून भेद करायचा नाही, हा नियम याच आयोगाचा. आणि तो मोडला तेव्हा आयोगाचे कर्तेधर्ते वेअरच होते. युरोपात पाळलेलं तत्त्व आशिया आणि आफ्रिकेत पोचेपर्यंत पातळ झालं. पूर्व आफ्रिकेत तर हजारो आफ्रिकी हमाल आणि सैनिकांच्या कबरी जाऊ दिल्या आणि नावं नसलेले पुतळे उभारले. खर्च जास्त आहे, याद्या पुऱ्या नाहीत, या लोकांना नावाच्या दगडाचं महत्त्व कळणार नाही, अशी कारणं तेव्हाचे साहेब लोक देत होते.

यावर पडदा उठायला जवळपास शंभर वर्षं लागली. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानंच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. ४५,००० ते ५४,००० मृतांना असमान वागणूक मिळाली. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही किंवा अजिबातच ठेवली गेली नाही. हे बहुतेक भारतीय आणि आफ्रिकी. आयोगानं माफी मागितली. ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनीही संसदेत माफी मागितली.

दुसरं महायुद्ध आणि खडकी

१९३९ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. सत्तरीतले वेअर पुन्हा कबरींच्या नोंदणीचे प्रमुख झाले. या वेळी त्यांनी आणखी एक आग्रह धरला. बॉम्बहल्ल्यात मेलेल्या साध्या नागरिकांचीही नावं नोंदवायला हवीत. त्यातून तयार झालेल्या यादीत साठ हजारांवर नावं आहेत आणि ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली आहे.

या युद्धात भारतीयांच्या बाबतीत सुधारणा दिसते. रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरलेलं आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांच्यासाठी इटलीत वेगळी स्मारकं आहेत.

भारतात मात्र वेगळा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या कबरी पश्चिम आणि मध्य भारतात विखुरल्या होत्या. कुठं दवाखान्याजवळ, कुठं जुन्या छावणीत. छावणी उठली की कबरीकडं कोण बघणार? म्हणून पुण्यात खडकीला मुळा नदीजवळ वॉर सिमेट्री तयार झाली. जिथं कायम निगा राखण्याची खात्री नाही तिथल्या कबरी इथं आणल्या गेल्या. आज तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत.

आवारातच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या जुन्या दफनभूमींत ज्यांच्या कबरी आता सांभाळता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. शिवडीतून आणलेले ६२९ जण त्यातलेच. भारतात वारलेल्या जवळपास दोनशे आफ्रिकी सैनिकांचं स्मारकही इथं आहे.

मुंबईतही या कामाची एक जागा आहे आणि ती अनेकांना ठाऊक नाही. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जहाजांवर काम करताना बुडालेल्या खलाशांची आठवण जपली आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून जास्त, दुसऱ्यातले सहा हजारांच्या वर. समुद्रात गेलेल्याची कबर कुठून येणार? मग नावांची नोंद हीच त्यांची कबर.

स्वतःलाही तोच दगड

तब्येत खालावल्यामुळं वेअर १९४४ मध्ये लष्करी कामातून बाजूला झाले. १९४८ मध्ये त्यांनी आयोगही सोडला. तेव्हा या संस्थेला ३१ वर्षं झाली होती आणि एवढा सगळा काळ सूत्रं त्यांच्याच हातात होती. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९४९ ला ते वारले. ग्लॉस्टरशायरमधल्या ॲम्बरली गावी चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. ‘सर’ ही पदवी आणि मेजर जनरलचा हुद्दा मिळालेल्या या माणसाच्या कबरीवरचा दगड युद्धात मेलेल्या शिपायांच्या दगडासारखाच आहे.

१९६० मध्ये आयोगाच्या नावातला साम्राज्य हा शब्द गेला आणि तिथं कॉमनवेल्थ आलं. आज हा आयोग १५० हून जास्त देशांत सुमारे २३,००० ठिकाणी १७ लाख मृतांची आठवण सांभाळतो. बसऱ्याचं ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं शहरातून उचलून ३० किलोमीटरवर वाळवंटात नेलं गेलं. मराठा पलटणींचे आकडेही त्याच्याबरोबर तिथं गेले.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातही पहिल्या महायुद्धाची आठवण जपली आहे. या गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. राज्यात आणखी कितीतरी गावांत अशा जुन्या पाट्या आहेत. अमुक गावातून इतके गेले, इतके मेले, एवढंच त्यावर असतं. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर त्या आकड्यामागची नावं घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. पलटणीचं नाव किंवा गावाचं नाव माहीत असेल तर आयोगाच्या नोंदींतही शोध घेता येतो.

शिवडीच्या ६२९ जणांसाठी चाळीसहून जास्त वर्षांनंतरही कुणीतरी वही उघडली, म्हणून ते हरवले नाहीत. बसऱ्याच्या आकड्यांमागच्या माणसांसाठी ती वही अजून पुरती उघडायची आहे.